२६ एप्रिलची मध्यरात्र : एका विद्यार्थी प्रकल्पाचा घटनाक्रम

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या सायंकाळी घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे घटातल्या धान्यावरून पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगितलं जातं. १९९९ साली ही मांडणी होऊन जेमतेम आठवडा उलटला होता, तेव्हा जगभरच्या संगणकांवर एक संकट कोसळलं. त्याचं भाकीत कुणी करायची गरजच नव्हती, कारण दिवस आणि महिना एका प्रोग्राममध्ये आधीच लिहून ठेवलेला होता. हा प्रोग्राम कुठल्या गुन्हेगारी टोळीने लिहिलेला नव्हता. तैवानमधल्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने तो एकट्याने, कुणी सांगितलेलं नसताना, महिना-सव्वा महिन्यात पूर्ण केला होता.

जळगाव जामोद, संग्रामपूर, नांदुरा भागातली मुलंमुली दरवर्षी खामगाव, शेगाव, अकोल्याच्या कॉलेजांतून प्रकल्प करतात. कुणी हजेरीचं ॲप करतं, कुणी कापसाचा भाव मोबाइलवर पाठवणारा बॉट. काही जण अभ्यासक्रमाबाहेर, निव्वळ आवडीपोटी स्वतःचं काहीतरी लिहीत बसतात. मला या शेवटच्या मुलांचं फार कौतुक वाटतं. हा घटनाक्रम मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

३६५ दिवस आधी : २६ एप्रिल १९९८, तैवान

तैपेईच्या तातुंग तंत्रज्ञान संस्थेत चेन इंग-हाऊ नावाचा विद्यार्थी एका प्रोग्रामची पहिली आवृत्ती लिहितो. त्याच्या आद्याक्षरांवरून हा प्रोग्राम पुढे सीआयएच म्हणून ओळखला गेला. अँटिव्हायरस कंपन्या आपल्या उत्पादनांबद्दल मोठमोठे दावे करतात आणि ते पोकळ आहेत हे दाखवून द्यायचं होतं, असं चेनने नंतर सांगितलं.

या प्रोग्रामच्या मूळ कोडच्या माथ्यावर आवृत्त्यांची नोंद आहे. या वेळी काय जोडलं, कोणती चूक दुरुस्त केली, पुढच्या वेळी काय सुधारलं, हे तारखेनिशी लिहिलेलं आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत या तारखा जातात. आपल्याकडच्या प्रकल्पवह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ही शिस्त पाहून समाधान वाटेल. काम छोट्या टप्प्यांत विभागलेलं आहे, एक टप्पा चालला की मगच दुसरा हाती घेतलेला आहे, आणि सगळं लिहून ठेवलेलं आहे.

अकरा महिने आधी : मे १९९८

प्रोग्राम आकार घेतो. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींमध्ये सर्वांत आतल्या पातळीवर पोहोचण्याची वाट चेनला सापडलेली आहे. तिथे पोहोचलेल्या प्रोग्रामला यंत्राचा कुठलाही भाग थेट हाताळता येतो. त्यापुढची करामत आणखी अवघड होती. साधारणपणे व्हायरस एखाद्या फाइलला चिकटला की तिचा आकार वाढतो आणि तपासणाऱ्याला संशय येतो. विंडोजच्या प्रोग्राम फाइलमध्ये मधेमधे रिकाम्या जागा सुटलेल्या असतात. सीआयएच स्वतःचे तुकडे करून त्या जागांत बसतो, त्यामुळे फाइलचा आकार एका बाइटनेही वाढत नाही. सगळा प्रोग्राम मिळून सुमारे एक हजार बाइटचा. देवनागरीतला हा एवढा परिच्छेद साठवायलाही त्याहून जास्त जागा लागते.

याच महिन्यात प्रोग्राममध्ये विध्वंसाचा भाग जोडला जातो. पद्धत अगदी सरळ आहे. मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारं घड्याळ असतं. त्यातून दिवस वाचायचा आणि तो २६ आहे का ते पाहायचं. सर्वाधिक पसरलेल्या आवृत्तीत महिना एप्रिल आहे का हेही पाहिलं जातं. दोन्ही जुळलं की दोन कामं करायची. पहिलं, हार्ड डिस्कच्या अगदी सुरुवातीपासून निरर्थक मजकूर लिहीत सुटायचं. दुसरं, संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा बायोस नावाचा प्रोग्राम ज्या चिपमध्ये असतो, ती चिपच बिघडवायची.

आवृत्त्यांच्या त्या नोंदीत सगळ्या सुधारणा प्रोग्राम अधिक लपावा, अधिक पसरावा, अधिक अचूक चालावा यासाठीच्या आहेत. तो थांबवायचा कसा, याची एकही ओळ नाही.

दहा महिने आधी : जून १९९८

व्हायरस कॉलेजबाहेर पडतो. कॉलेजने चेनवर शिस्तभंगाची कारवाई केली, पण काढून टाकलं नाही. कारण म्हणून कॉलेजकडून असं सांगण्यात आलं की त्याने इतर विद्यार्थ्यांना हा प्रोग्राम पसरवू नका, अशी ताकीद दिली होती.

या संपूर्ण प्रकल्पात सुरक्षेची सोय म्हणून तेवढी एक तोंडी ताकीद होती. प्रोग्राममध्ये तारीख तपासायची ओळ होती. 'हे माझंच यंत्र आहे का' हे तपासायची ओळ मात्र नव्हती. लिहायला ती याहून कठीण नव्हती.

सहा ते नऊ महिने आधी : १९९८चा उत्तरार्ध

चोरट्या सॉफ्टवेअरची देवाणघेवाण करणाऱ्यांमार्फत सीआयएच देशोदेशी जातो. यामाहा कंपनीच्या एका सीडी रायटरसाठी दिलेल्या अपडेटमध्ये तो सापडतो. 'सिन' नावाच्या संगणक खेळाच्या नमुना प्रतीतही तो शिरलेला असतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी तेव्हा इंटरनेट नावालाच होतं. सॉफ्टवेअर येई ते फ्लॉपीवरून आणि शहरातून आणलेल्या सीडीवरून. एक सीडी आली की ती हातोहात दहा ठिकाणी फिरे. ती मूळ कुठून आली, हे विचारायची पद्धत नव्हती.

बहुतेक नामवंत अँटिव्हायरस प्रोग्रामना सीआयएच एव्हाना ओळखता येऊ लागला होता. धोका माहीत होता, तारीख माहीत होती, उपायही तयार होता. पण अँटिव्हायरस महिन्याच्या महिन्याला अद्ययावत करायचा असतो, ही सवय फार थोड्यांना होती.

एक महिना आधी : मार्च १९९९

आयबीएमच्या अ‍ॅप्टिव्हा मालिकेतले काही संगणक सीआयएच पोटात घेऊनच कारखान्यातून बाहेर पडतात. गिऱ्हाईक कोरं यंत्र घरी आणतं आणि व्हायरस त्याच्याबरोबर येतो.

२६ मार्चला मेलिसा नावाचा दुसरा व्हायरस ईमेलमधून पसरतो आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजतो. मेलिसा दिसत होता, ईमेल तुंबवत होता, म्हणून सगळं लक्ष तिकडे गेलं. सीआयएच मात्र काहीच करत नव्हता. तो कॅलेंडरचं पान उलटायची वाट पाहत होता.

साडेसहा तास आधी : रविवार, २५ एप्रिल १९९९, सायंकाळचे ५:३०

इथून पुढच्या वेळा भारतीय वेळेनुसार आहेत.

न्यूझीलंडमध्ये २६ एप्रिल सुरू होतो. हे संकट एकाच क्षणी सगळीकडे कोसळणारं नव्हतं. ज्या देशात मध्यरात्र होईल, तिथल्या यंत्रांची घड्याळं त्या क्षणी २६ दाखवणार होती. पृथ्वी फिरेल तसतशी ती तारीख पश्चिमेकडे सरकत येणार होती. आपल्याकडे अजून ऊनही उतरलेलं नाही.

साडेतीन तास आधी : रात्रीचे ८:३०

दक्षिण कोरियात मध्यरात्र. त्या काळात घरोघरी संगणक पोहोचलेल्या देशांत कोरिया फार पुढे होता, आणि तिथे सॉफ्टवेअरच्या नकलाही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जात. रात्री चालू असलेल्या यंत्रांची बारी आधी लागते. बंद यंत्रं सुरक्षित आहेत, पण सोमवारी सकाळी कुणीतरी ती सुरू करेपर्यंतच.

अडीच तास आधी : रात्रीचे ९:३०

तैवान आणि चीनमध्ये तारीख बदलते. ज्या तैपेई शहरात बरोबर वर्षापूर्वी या प्रोग्रामची पहिली आवृत्ती लिहिली गेली, तिथेही. चेन एव्हाना कॉलेजातून बाहेर पडून सक्तीच्या लष्करी सेवेत आहे. आपला प्रोग्राम किती यंत्रांत पोहोचला आहे, हे त्यालाही माहीत असणं शक्य नाही. परत बोलावण्याचा कुठलाही मार्ग त्याने ठेवलेला नाही.

अर्धा तास आधी : रात्रीचे ११:३०

बांगलादेशात मध्यरात्र. भारतात अजून तीस मिनिटं आहेत. या घटकेलाही बचाव सोपा आहे. संगणक बंद ठेवायचा, किंवा त्याच्या घड्याळात तारीख पुढे ढकलून २७ करायची. एवढ्याने त्या वर्षाचं संकट टळलं असतं. ज्यांनी वर्तमानपत्रातली सूचना वाचली आणि मनावर घेतली, त्यांनी तसं केलंही.

मध्यरात्र : सोमवार, २६ एप्रिल

भारतात तारीख बदलते. देशाचं लक्ष दिल्लीकडे आहे. वाजपेयी सरकार १७ एप्रिलला एका मताने पडलेलं आहे आणि आज, २६ एप्रिललाच, बारावी लोकसभा विसर्जित होणार आहे.

चालू असलेल्या एखाद्या संगणकात कुणी फाइल उघडतं, काम करतं, बंद करतं. तेवढं निमित्त पुरतं. प्रोग्राम घड्याळ वाचतो, दिवस जुळतो, आणि डिस्कच्या पहिल्या भागावर कचरा लिहिला जाऊ लागतो.

हार्ड डिस्कच्या सुरुवातीलाच तिच्या विभागणीचा तक्ता असतो आणि कोणती फाइल कुठे ठेवली आहे याची यादी असते. पुढे साठवलेला मजकूर बहुतेक जागच्या जागीच राहतो. तलाठ्याच्या दप्तरातले सातबारे आणि नकाशे जळाले तर शेतं कुठे जात नाहीत, पण कोणाचं शेत कुठून कुठवर हे सांगता येत नाही, तशी त्या डिस्कची गत होते.

पहाटे २:३०

तुर्कस्तानात मध्यरात्र. कोरियाच्या बरोबरीने सर्वांत मोठा फटका बसलेला हा देश.

पहाटे ५:३०

कोरियात सकाळचे नऊ. कार्यालयं उघडतात आणि लोक एकापाठोपाठ एक संगणक सुरू करतात. काही क्षणांत पडदे गोठतात. कोरिया आणि तुर्कस्तान, दोन्हीकडे नुकसान झालेल्या यंत्रांची संख्या पुढे लाखांच्या घरात सांगितली गेली.

सकाळी १०:००

भारतात कार्यालयं, छापखाने, सायबर कॅफे उघडतात. सोमवार असल्यामुळे दोन दिवस बंद असलेली यंत्रं आज सुरू होत आहेत. विंडोज सुरू होतं, थोड्या वेळाने अडकतं. माणूस करतो तेच करतो, बंद करून पुन्हा चालू करतो. आता डिस्कच सापडत नसल्याचा संदेश येतो. काही यंत्रांत तोही येत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच राहतो. ही बायोस गेलेली यंत्रं.

आपल्याकडे एप्रिलमध्ये यंत्र बंद पडलं की पहिला दोष विजेच्या दाबाला, दुसरा उकाड्याला दिला जातो. म्हणून अनेकांनी शेजारचं यंत्र सुरू करून पाहिलं, आणि तेही गेलं. देशभरात हजारो संगणक त्या दिवशी बंद पडले. ज्यांच्याकडे कामाची दुसरी प्रत नव्हती, त्यांचे हिशेब, याद्या, पुस्तकांची जुळणी, शोधनिबंध असे गेले की काही जणांना ते कधीच परत मिळाले नाहीत.

दुपारनंतर

दुरुस्ती सुरू होते. बायोस गेलेल्या यंत्रासाठी तंत्रज्ञ एक धाडसी युक्ती वापरत. त्याच बनावटीचा चांगला मदरबोर्ड सुरू करायचा. तो चालू असतानाच त्याची बायोस चिप अलगद उपसून काढायची. तिच्या जागी बिघडलेली चिप बसवायची आणि तिच्यात प्रोग्राम नव्याने भरायचा. हात जरा चुकला तर दोन्ही यंत्रं गेली. जिथे चिप मदरबोर्डला डाख लावून पक्की केलेली असे, तिथे बहुधा बोर्डच बदलावा लागे.

आधीच्या काळी बायोसच्या चिपवर पुन्हा लिहिता येत नसे. पुढे उत्पादकांनी सुधारणा करता यावी म्हणून लिहिता येणारी चिप बसवली. लिहिणं बंद ठेवायचा जोड काही बोर्डांवर दिलेलाही होता, पण तो अनेकदा मोकळाच सोडलेला असे. चेनच्या प्रोग्रामला ते दार उघडंच मिळालं.

पुढचे दिवस : ढाका

डिस्कवरचा मजकूर परत मिळवण्यासाठी ज्यांनी हात घातला, त्यांत ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठातला एक विद्यार्थीही होता. मोठ्या डिस्कवर फायलींच्या यादीची दुसरी प्रत पहिलीनंतर ठेवलेली असते. सीआयएचने पहिली पुसली, तरी बऱ्याच यंत्रांत दुसरी वाचली होती. ती शोधून काढायची, विभागणीचा तक्ता नव्याने मांडायचा आणि डिस्क पूर्ववत करायची, असा प्रोग्राम त्याने लिहिला आणि लोकांना दिला. तोही एका विद्यार्थ्याने एकट्याने केलेला प्रकल्पच होता.

पुणे : काही वर्षं आधीपासून

महाराष्ट्रातही असा एक प्रकल्प आधीच उभा राहिलेला होता. भारतात व्हायरस नवे नव्हते. १९९० मध्ये 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला होता. दर ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. तो कुणी लिहिला, हे कधी सिद्ध झालं नाही.

मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या काटकर कुटुंबातला थोरला भाऊ कैलास शाळेनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होता. धाकटा संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. कॉलेजातले संगणक व्हायरसमुळे वरचेवर बंद पडत. ते साफ करण्यासाठी संजयने स्वतःच छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. भावाच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांवर ते उपयोगी पडू लागले. त्यातून 'क्विक हील' हा अँटिव्हायरस उभा राहिला. १९९९चा एप्रिल आला तेव्हा तो बाजारात होता.

तैपेई, ढाका आणि पुणे इथल्या तिन्ही मुलांची बुद्धी सारखीच तल्लख होती. तिघांनीही कुणी न सांगता काम हाती घेतलं आणि तडीस नेलं. ढाका आणि पुण्यातल्या मुलांसमोर बंद पडलेलं यंत्र आणि ते घेऊन आलेला माणूस होता. आपला प्रोग्राम त्याच्या यंत्रात काय करील, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या मुळाशीच होता. चेनच्या आराखड्यात तो माणूस कुठेच नव्हता.

एप्रिलअखेर आणि नंतर

तैवानच्या पोलिसांनी चेनची चौकशी केली. त्याने माफी मागितली. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला सोबत घेऊन त्याने आपल्याच व्हायरसवर उतारा तयार करून दिला. त्या वेळी तैवानमध्ये कुणी तक्रारदार पुढे न आल्यामुळे खटला उभा राहिला नाही. पुढे तिथल्या कायद्यात संगणक गुन्ह्यांची कलमं आली, त्यामागे हे प्रकरणही होतं. उतारा खरा होता, पण तो आला तेव्हा तारीख उलटून गेली होती. वर्षभरापूर्वी, दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर प्रोग्राम जाण्याआधी, त्याच मुलाने तेवढ्याच मेहनतीने तो लिहिला असता तर हा घटनाक्रम घडलाच नसता.

आजचा प्रकल्प

कुणी म्हणेल, आमच्या मुलांना कुठे व्हायरस लिहायचा आहे? खरं आहे. पण हेतू चांगला असलेल्या प्रोग्राममध्येही हाच खड्डा असतो. समजा, कापसाचा भाव रोज सकाळी पाठवणारा बॉट लूपमध्ये अडकला आणि एकेका शेतकऱ्याला शेकडो मेसेज जाऊ लागले. किंवा हजेरीच्या ॲपची चाचणी घेताना कुणी खऱ्या नोंदींवरच पुसण्याची आज्ञा चालवली. अथवा कोड सर्वांना दिसेल असा ठेवला आणि त्यात पासवर्ड तसाच राहिला. त्या मुलांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, पण नुकसान व्हायचं ते होणारच.

म्हणून स्वतंत्र प्रकल्प करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझं कळकळीचं सांगणं आहे. कोडला हात लावण्याआधी वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. माझा प्रोग्राम कुणाच्या माहितीला आणि कुणाच्या यंत्राला हात लावतो? तो मधेच थांबवायचा कसा? चुकला तर सगळं पूर्ववत कसं करायचं? माझ्या हातातून निसटला तर तो आपोआप निष्क्रिय कसा होईल? थांबवण्याची सोय सगळ्यात आधी लिहा, मुख्य काम नंतर. चाचणी नेहमी नकलेवर घ्या आणि संख्येवर मर्यादा घाला. पाच मेसेज बरोबर गेले की मगच पन्नास. नुसत्या कुतूहलापोटी केलेला घातक भाग दुसऱ्याच्या हाती देऊ नका, ताकीद देऊनही नाही.

मार्गदर्शक शिक्षकांनाही विनंती आहे. प्रकल्प चालतो का, हे आपण पाहतोच. तो थांबतो का, हेही समोर बसून करून दाखवायला सांगा. त्यासाठी गुण ठेवा. तसं करून दाखवता येत नसेल, तर तो प्रकल्प पूर्ण झालेला नाही आणि त्याच्या वहीवर सही करू नये.